जुनी गाडी आणि जाणते हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्‌मय, मराठी रंगभूमी, वंगभूमीतील मराठे अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या पंक्तीत एका जुन्या स्पोर्ट्‌स गाडीच्या देखभालीवर बोलणे म्हणजे कीर्तनाच्या बैठकीत हातोडी घेऊन येऊन बसण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु कार्यकारिणीचा आग्रह पडला की, ज्या गाडीतून मंडळाच्या गणपतीची मूर्ती वाजतगाजत आणली जाते, जिच्यात बसून छायाचित्र काढून घेतल्यावाचून येथील एकही मूल मोठे झालेले नाही, त्या गाडीची हकीकत स्मरणिकेत नोंदली जावी. आग्रहास मान देऊन आम्ही उभे आहोत.

प्रारंभीच एक खुलासा. आमच्या बोलण्यात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो वक्त्याचा आदरार्थी बहुवचनी थाट नव्हे. गाडी खरोखरच चौघांची आहे. आमच्यापैकी एक गार्डन रीचला दक्षिण पूर्व रेल्वेत अभियंता, दुसरे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात, तिसरे बँकेत, आणि चौथा लेखापरीक्षा खात्यातील, तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेला, जो आज आपल्यापुढे उभा आहे. चौघेही नोकरीच्या निमित्ताने या शहरी आलो आणि याच मंडळाच्या कोजागिरीला एकमेकांस भेटलो. मसाला दुधाच्या पेल्यावर झालेली ती ओळख पुढे काळ्या तेलाच्या डब्यापर्यंत गेली.

आता गाडीची ओळख. तिचे नाव एम. जी. टी. सी. आमच्या रेल्वेतील मित्रांना टी. सी. म्हटले की तिकीट तपासनीसच आठवे. परंतु येथे ते एका मालिकेतील अनुक्रमाचे अक्षर आहे. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांनी सायकल दुरुस्तीपासून उद्योगास आरंभ केला आणि पुढे ते इंग्लंडमधील मोठे मोटार-कारखानदार झाले. त्यांच्या या गॅरेजची व्यवस्था १९२२ साली सेसिल किंबर यांच्याकडे आली. साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर हलकी, देखणी, चपळ बॉडी बसवून सामान्य मिळकतीच्या तरुणालाही वेगाचा आनंद द्यावा, ही किंबर यांची कल्पना. तिच्यातून एम. जी. जन्मली. अष्टकोनात बसविलेली ती दोन अक्षरे जगभर ओळखीची झाली. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डन या गावी गेला आणि १९८० च्या ऑक्टोबरात बंद पडेपर्यंत तेथेच राहिला. किंबर यांना मात्र १९४१ साली कंपनी सोडावी लागली आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. युद्धानंतर त्याच वर्षी निघालेली टी. सी. पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

टी. सी. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० निघाल्या. तिच्यात नवे असे फारसे काही नव्हतेच. युद्धापूर्वीच्या गाडीचीच ती किंचित सुधारलेली आवृत्ती. १२५० घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे एंजिन, सुमारे ५४ अश्वशक्ती, दोन एस. यू. कार्ब्युरेटर, एकोणीस इंच व्यासाची तारांची चाके, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा, मागे चौकोनी पेट्रोलची टाकी आणि तिच्यावर टांगलेले जादा चाक. पुढची काच आडवी पाडता येते. बॉडीचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा व वर पत्रा मढविलेला. म्हणजे यांत्रिक युगातील वाहन, पण अर्धे काम सुताराचे. बसणाराच्या आरामाचा विचार जवळजवळ नाहीच. रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याची नोंद पाठीच्या कण्यात होते. पेट्रोल किती उरले हे दाखविणारा काटा नाही, टाकी रिकामी होत आली की फक्त एक दिवा लागतो. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे चालविणाऱ्यापुढे एंजिनाचे फेरे दाखविणारे घड्याळ असून वेग दाखविणारे घड्याळ शेजारी बसणाऱ्यापुढे आहे! संसारी माणसाच्या दृष्टीने ही रचना किती गैरसोयीची आहे, हे येथे बसलेल्या आमच्या सौभाग्यवती सांगतील. "साठ झाले हं," हे वाक्य आम्ही गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकत आहो. घड्याळ मैलांचे आहे, हेही त्यांना पक्के ठाऊक आहे.

ही गाडी आम्हांस १९९७ मध्ये उत्तर कलकत्त्यातील एका जुन्या बनेदी वाड्यात सापडली. १९४८ साली घेतलेली ती गाडी त्या घरातील धाकट्या कर्त्यांनी हौसेने वापरली होती. पुढे परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती तबेल्यात उभी राहिली. हौदावर कबुतरांची वस्ती, दोन चाकांच्या तारा तुटलेल्या, एंजिन गोठलेले, आसनांत उंदरांचा तिसरा-चौथा वंश नांदत असलेला. आम्ही प्रत्येकी बावीस हजार रुपये काढले. त्या वेळच्या आमच्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. घरोघरी काय बोलणी झाली, ती स्मरणिकेत छापण्याजोगी नाहीत.

नोंदणी एकाच्याच नावे व्हायची होती, ती आमच्या, म्हणजे प्रस्तुत वक्त्याच्या नावे झाली. केंद्र सरकारच्या नोकरास वर्तणूक नियम लागू असतात, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावयास नको. १९६४ च्या त्या नियमांत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत मोटारी, मोटारसायकली आणि घोडे एकाच ओळीत बसविले आहेत. आम्ही रीतसर कळविले. वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा आली की, वाहन चालू स्थितीत आहे किंवा कसे. 'अद्याप नाही, प्रयत्न चालू आहेत,' असे उत्तर आम्ही पाठविले. मनात आले, घोडा घेतला असता तर निदान हा प्रश्न आला नसता.

प्रयत्न चालू होते ते मल्लिक बाजारात. १७४२ साली मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने या शहराने खंदक खणला आणि पुढे तो बुजवून सर्क्युलर रोडचा बराच भाग तयार झाला, हे आपण जाणताच. त्याच रस्त्याने दक्षिणेकडे गेले की पार्क स्ट्रीटच्या नाक्यावर मल्लिक बाजार लागतो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी ती गल्ल्यांची वसाहत. तेथे आम्हांस आमचे उस्ताद भेटले. वय तेव्हा साठीच्या घरात, शिक्षण शून्य, हातातील पाने बापाच्या वेळचे. ते गाडीभोवती एकदा फिरले, बॉनेट उघडले, एंजिनावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "यह तो हिंदुस्तान टेन का बड़ा भाई है।"

या एका वाक्यात किती ज्ञान होते, ते आम्हांस पुढे ग्रंथ वाचून उमगले. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची जुनी 'हिंदुस्तान टेन' ही गाडी इंग्लंडमधील मॉरिस टेन या गाडीवरून घेतलेली. त्या मॉरिस टेनचे ११४० घनसेंटिमीटरचे एंजिन वाढवूनच एम. जी. चे १२५० चे एंजिन सिद्ध झाले होते. पिस्टनची धाव दोहोंत ९० मिलिमीटरच. व्यास तेवढा साडेत्रेसष्टवरून साडेसहासष्ट मिलिमीटरवर नेलेला. त्यामुळे पिस्टन जुळत नाहीत, पण कित्येक लहान भाग जुळतात. ज्या वस्तूंसाठी आम्ही विलायतेस पत्रे धाडण्याच्या बेतात होतो, त्यांतील काही आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, गंजलेल्या ढिगाच्या तळाशी, किलोच्या भावाने पडलेल्या होत्या. त्या कोणत्या ढिगात आहेत हे केवळ उस्तादांना ठाऊक होते. कोणत्याही सूचिपत्रात ते छापलेले नव्हते.

दुसरी अडचण आट्यांची. इंग्रजी गाडी म्हणून आम्ही इंग्रजी मापाचे नट-बोल्ट आणले, ते बसेनात. मेट्रिक मापाचे आणले, तर पाना लागेना. मामला असा होता की, मॉरिस यांनी १९२३ साली कॉव्हेन्ट्रीचा जो एंजिन-कारखाना विकत घेतला, तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. तेथील यंत्रे फ्रान्समधून आलेली, म्हणून आटे फ्रेंच मेट्रिक मापाचे. इंग्लंडमधील कारागिरांचे पाने मात्र व्हिटवर्थ मापाचे, म्हणून बोल्टची डोकी त्या मापाची ठेवली. देह फ्रेंच आणि पागोटे इंग्रजी! असा बोल्ट दुकानात मिळत नाही, तो लेथवर घडवावा लागतो. उस्तादांनी आमच्यासाठी असे किती बोल्ट कातून घेतले, त्याची गणती आमच्या भूगर्भवाल्या मित्रांच्या वहीत आहे. त्या वहीविषयी पुढे बोलू.

लाकडी सांगाडा या शहराच्या दमट हवेने आणि वाळवीने पोखरला होता. ॲशचे लाकूड कोठून आणावे? बहूबाजारातील एका सुताराने जुन्या पलंगाच्या सागवानातून, मूळच्या कुजक्या तुकड्यांवरून नमुने पाडून, तो नव्याने उभा केला. धूर बाहेर नेणारी बिडाची नळी, जिला मॅनिफोल्ड म्हणतात, ती उभी चिरलेली होती. तेव्हा आमचे बँकवाले मित्र उपयोगी पडले. ते कोल्हापूरचे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार पाहत लहानाचे मोठे झालेले असल्यामुळे जुन्या गाडीचे वेड त्यांच्यात उपजतच. त्यांनी ती तुटकी नळी गोधडीत गुंडाळून हावडा स्थानकावर मुंबईच्या गाडीत चढविली आणि कोल्हापुरास नेली. तेथील ओतशाळांची कीर्ती आपण जाणताच. लाकडी साचा करून, बीड ओतून, एका दिवाळीच्या रजेत नवी नळी तयार झाली. येताना तिच्याबरोबर चिवड्याचा डबाही आला. चिवडा त्याच आठवड्यात संपला, नळी अजून चालते आहे.

येथे आम्हां चौघांत एक वाद उत्पन्न झाला, आणि तो प्रत्येक जुन्या गाडीच्या घरी होतो. रेल्वेवाल्यांचे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे; सागवान घातले, कोल्हापूरचे बीड बसविले, तर ती खरी टी. सी. उरली काय? बँकवाल्यांचे म्हणणे, जी चालत नाही ती गाडीच नव्हे. काय वाटेल ते बसवा, पण रस्त्यावर आणा. दोन महिने अबोल्यापर्यंत गोष्ट गेली. निवाडा भूगर्भवाल्यांनी केला. ते म्हणाले, जो बदल उद्या कोणी उलटवू शकेल, तो खुशाल करावा, परंतु मूळचा तुकडा फेकू नये आणि काय केले ते लिहून ठेवावे. जो उलटविता येणार नाही तो करू नये. हा नियम आम्ही आजवर पाळला. कुजलेल्या ॲशचे तुकडे आणि चिरलेली नळी आमच्या माळ्यावर चिठ्ठ्या लावून ठेविलेली आहेत.

गाडी २००१ च्या जानेवारीत पहिल्यांदा आपल्या पायांवर चालली. दिल्लीत १९६४ पासून आणि या शहरी १९६८ पासून 'स्टेट्‌समन'च्या वतीने जुन्या गाड्यांची फेरी सुरू झाली. पुढल्या वर्षी आम्हीही तिच्यात उभे राहिलो. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसांच्या रांगेत आमची ही सडपातळ गाडी लग्नातल्या गरीब पाहुण्यासारखी दिसत होती. बक्षीस मिळाले नाही. पण ती संपूर्ण फेरी स्वतः चालून घरी आली. कित्येक भारदस्त वाहने ट्रकवर चढून परतली, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आता देखभालीच्या कामाविषयी थोडे तपशिलाने सांगतो, कारण या भाषणाचा गाभा तेथे आहे.

गाडीला दोन कार्ब्युरेटर असतात आणि प्रत्येकाने सारखीच हवा ओढली पाहिजे. न ओढल्यास एंजिन लंगडते. हे जुळविण्यास उस्ताद कोणतेही उपकरण घेत नसत. हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आधी एकाचा फूत्कार ऐकावयाचा, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही एका स्वरात येईतो स्क्रू फिरवावयाचा. त्यानंतर पेट्रोलचे प्रमाण. कार्ब्युरेटरमधील पिस्टन पातळ पात्याने केसभर उचलावयाचा. एंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. एंजिन बंद पडू लागले, तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावले, तर ठीक. आम्ही डोळे फाडून पाहत असू. उस्ताद हसून म्हणत, "साहब, कान से देखिए।" तंबोरा जुळविणाराला जे सांगावे लागत नाही, ते आम्हांस सांगावे लागे.

बाकीची कामे साधी, पण चुकवून चालत नाहीत. व्हॉल्व्हमधील फट एंजिन तापलेले असताना ०.०१९ इंच असावी लागते. ती कमी झाली की व्हॉल्व्ह जळतात, वाढली की एंजिन शिवणयंत्रासारखे वाजते. चाकांच्या तारा महिन्यातून एकदा चमच्याने वाजवून पाहावयाच्या. जी बद्द वाजेल ती सैल. चाकाचे मधले मोठे नट डाव्या-उजव्या बाजूस उलट आट्यांचे असतात आणि ते तांब्याच्या हातोडीनेच ठोकावे लागतात. बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. एका तरुण वीजतंत्र्याने ते 'दुरुस्त' करून दिल्यामुळे आमचा डायनमो एकदा निजधामास गेला. आणि एंजिनाच्या मागील बाजूस तेल अडविण्यास रबरी कडे नाही, केवळ पेचदार खाच आहे. त्यामुळे गाडी जेथे उभी राहील तेथे तेलाचा एक थेंब ठेवून जाते. रेल्वेवाले त्यास 'हजेरीपटावरील सही' म्हणतात.

काळही नवनवे प्रश्न घालीत गेला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जनतेच्या फुप्फुसांस ते हितावह, यात शंका नाही. परंतु जुन्या एंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकांचे रक्षण ते शिसेच करीत असे. म्हणून कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्या लागल्या. अलीकडे पेट्रोलात इथेनॉल आले आणि २०२५ पर्यंत त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. आमच्या मुलुखाच्या उसाचा रस आमच्याच गाडीच्या रबरी नळ्या आणि बुचाच्या गॅसकेटी फुगवू लागला! नळ्या बदलल्या, गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करण्याचा परिपाठ घातला. पेट्रोल पंपावरील मुलगा अष्टकोनी खूण पाहून कौतुकाने विचारतो, "दादा, ही नवी एम. जी. काय?" त्याचेही बरोबर आहे, ते नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचे झाले असून २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे त्या नावाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आम्ही सांगतो, "नवी नव्हे बाबा, ही त्यांची पणजी."

आता ती वही. आमचे भूगर्भवाले मित्र डोंगरदऱ्यांत हिंडून रोजच्या रोज टिपण ठेवण्याच्या शिस्तीतील. गाडी आली त्या दिवसापासून त्यांनी वही घातली. तारीख, हवामान, मैल, लक्षण, कारण, उपाय असे रकाने आणि शेवटचा रकाना 'हात'. म्हणजे ते काम कोणाच्या हातून झाले. अशा सात वह्या आहेत. पहिल्या तीन वह्यांत शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीवर एकच शब्द आहे: उस्ताद.

२०१४ च्या पावसाळ्यात उस्ताद गेले. त्यांचे पुत्र पूर्वीच आखाती देशात नोकरीस गेलेले. भाचा गॅरेज चालवितो, माणूस सज्जन, हात स्वच्छ. पण त्याचे शिक्षण संगणकावर दोष दाखविणाऱ्या गाड्यांचे. आमची गाडी चालत होती, मात्र चाल बिघडली. चढावर दम लागे, थांबली की धडधडे. पैसा होता, भाग होते, वह्या होत्या, वहीत कृती अक्षरशः लिहिलेली होती. रबरी नळी आम्हीही कानाला लावीत होतो. दोन फूत्कारांतील अंतर मात्र आमच्या कानांस लागत नव्हते. आठ महिने वहीत कार्ब्युरेटरच्या ओळीपुढे 'हात' हा रकाना कोरा आहे. गाडीवर गंजाचा ठिपका नसताना ती आमच्या डोळ्यांदेखत मरू लागली होती.

त्या कोऱ्या रकान्यात पुढे जे नाव आले, ते आमच्या ध्यानीमनीही नव्हते. भूगर्भवाल्यांची मुलगी लहानपणापासून रविवारी वडिलांबरोबर गॅरेजमध्ये येई. तिला काम काय, तर उस्तादांना बॅटरी धरून उजेड दाखविणे. कधी कंटाळली की उस्ताद नळीचे टोक तिच्या कानाला लावून विचारीत, "बोल बिटिया, कौन सा ज़्यादा गाता है?" आम्हांला वाटे, पोरीला खेळवीत आहेत. महाविद्यालयात शिकत असलेल्या त्या मुलीने एका रविवारी नळी मागितली, दहा मिनिटे फिरविली आणि म्हणाली, "काका, पुढचं जास्त ओढतंय." स्क्रू पाव फेरा फिरला. एंजिन स्थिर झाले. वडिलांनी वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात तिचे नाव लिहिले. ते अक्षर नेहमीपेक्षा थोडे मोठे पडले आहे.

२०१६ साली आमचे ते मित्र अल्प आजाराने निवर्तले. चौथा हिस्सा वहिनींचा झाला. २०१९ मध्ये दुसऱ्या शहरातील एका संग्राहकाचा दलाल आला. त्याने देऊ केलेली रक्कम आमच्यापैकी कोणाच्याही ग्रॅच्युइटीहून मोठी होती. वहिनींच्या घरची निकड आम्हांस ठाऊक होती, म्हणून आम्ही तिघांनी ठरविले की निर्णय त्यांनी करावा, तो आम्हांस मान्य. दलालाने रंग पाहिला, क्रमांक तपासले. वह्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. वहिनींनी एकच विचारले, "ते गाडी चालवणार का?" तो म्हणाला, "नाही बाई, थंड हवेच्या दालनात ठेवणार. रोज पुसायला माणूस आहे." वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, माझा हिस्सा मुलीचा समजा. मला पैसा नको असं नाही, पण ह्यांनी वीस वर्षं लिहिलं ते पुसायला ठेवण्यासाठी नाही." दलाल चहा घेऊन गेला. कन्येच्या वाटणीचा खर्च ती नोकरीस लागेपर्यंत आम्ही तिघांनी उचलावा, असे ठरले. वहिनी तो हिशेब आजही मागतात. लेखापरीक्षा खात्यातील माणूस प्रथमच हिशेब देण्याचे टाळतो आहे.

२०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांस 'विंटेज' म्हणून वेगळी मान्यता दिली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की, या वाहनाचा रोजच्या वा धंद्याच्या कामासाठी वापर करावयाचा नाही. प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यांसाठीच ते रस्त्यावर आणावे. आमच्या खात्याबाहेरचा हा नियम असला तरी त्याची भाषा आम्हांस आवडली. दुरुस्ती हे रस्त्यावर येण्याचे वैध कारण मानणारे सरकार रसिक म्हटले पाहिजे.

पन्नास वर्षे पुरी झाली की सरकार गाडीस वारसा मानते. आपल्या मंडळासही यंदा पन्नास वर्षे पुरी झाली. तेव्हा या दुसऱ्या वारशाविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस असावा. घरापासून हजार-दीड हजार मैलांवर आपण गणपती बसवितो, नाटक करतो, दिवाळी अंक मागवितो, ग्रंथालयाची कपाटे पुसतो. वस्तू जपण्यात आपण कमी पडलेलो नाही. आमच्या गाडीजवळही सर्व वस्तू होत्या, तरी आठ महिने ती लंगडली, कारण ऐकणारा कान नव्हता. तो कान तयार झाला तो वर्ग भरवून नव्हे. मोठी माणसे मनापासून काम करीत होती आणि एका मुलीस त्यांच्याजवळ उजेड धरून उभे राहू दिले होते, एवढेच घडले. आपल्या नाटकाच्या तालमीत, पूजेच्या तयारीत, कार्यकारिणीच्या भांडणांतसुद्धा, मुलांना 'जा, बाहेर खेळा' असे न म्हणता जवळ उभे राहू द्यावे, त्यांच्या हाती काहीतरी धरावयास द्यावे, आणि झालेले काम कोणाच्या हातून झाले ते वहीत लिहून ठेवावे, इतकीच आमची विनंती आहे.

दसऱ्यास गाडी नेहमीप्रमाणे मंडळाच्या दारी येईल. विश्वकर्मापूजेस गॅरेजमध्ये तिला गेंदाचा हार पडतो आणि दसऱ्यास येथे आपट्याचे पान. वर्षातून दोनदा पूजा होणारी टी. सी. जगात दुसरी असेल असे वाटत नाही. सातवी वही भरत आली आहे. आठवी आम्ही आणून ठेविली आहे, तिच्यातील रकाने कन्येने आखले आहेत. ज्या बालगोपाळांस बॅटरी धरण्याची इच्छा असेल, त्यांनी रविवारी सकाळी साडेआठ वाजता यावे. कपडे जुने घालावेत.